डाळिंबाचा तेल्या आणि बागेचा विसांवा

फळ उतरून बाजारांत गेलें आणि हिशेब पुरा झाला, कीं डाळिंबाच्या बागेवरून आपलें लक्ष उडतें. पाणी तोडलेलें असतें, पानें निस्तेज होऊन गळूं लागलेलीं असतात, आणि बागेंत पाऊल टाकण्याचें कांहीं निमित्त उरत नाहीं. ‘झाड निजलें, तसा रोगहि निजला’ अशी मनाची समजूत घालून आपण दुसऱ्या कामास लागतों. पुढें बहार धरतों, फळ लिंबाएवढें होतें, चार दिवस आभाळ भरून राहतें, आणि पानांवर तेलाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग दिसूं लागतात. मग धांवाधांव होते, औषधांच्या दुकानांत गर्दी होते, आणि सगळा दोष पावसाच्या माथीं मारला जातो. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हा दोष पुष्कळ अंशीं पावसाचा नसून, मागील विसांव्याच्या काळांत आपण जें केलें किंवा करावयाचें टाकलें, त्याचा असतो.

आमची हयात महसुली कचेरींतील कारकुनींत गेली. फळबागांच्या नुकसानीचे पंचनामे गांवोगांवच्या तलाठ्यांकडून येत. त्यांची बेरीज करून तक्ते वर पाठविणें हें आमचें काम. ‘नुकसानीचें कारण’ या रकान्यांत डाळिंबाच्या बागांपुढें बहुधा ‘अवेळीं पाऊस’ असा शेरा असे, आणि आम्हीहि तो बिनबोभाट उतरून घेत असूं. सेवानिवृत्त झाल्यावर माणदेशांतील आपल्या गांवीं येऊन दीड एकराची वडिलोपार्जित बाग पाहूं लागलों, आणि पहिल्याच वर्षीं तोच शेरा आमच्या स्वतःच्या नांवापुढें पडण्याची पाळी आली. आम्ही कांहीं शास्त्रज्ञ नव्हों. पुढें जें लिहिलें आहे तें संशोधन केंद्राच्या शिफारशी वाचून, जाणत्या बागाईतदारांस विचारून आणि आपल्या बागेंत डोळ्यांनीं पाहून लिहिलें आहे.

रोगाची ओळख

तेल्या हा बुरशीचा रोग नव्हे. तो डोळ्यांस न दिसणाऱ्या एका जंतूमुळें होतो. ‘झँथोमोनास’ या नांवाचें जंतूंचें एक कूळ आहे. कागदी लिंबावर जो खैऱ्या पडतो तो या कुळांतील एका जंतूमुळें, आणि डाळिंबावरील तेल्या त्याच कुळांतील दुसऱ्या जंतूमुळें. हा भेद नुसत्या नांवाचा नाहीं. बुरशीवर चालणारीं पुष्कळ औषधें जंतूवर मुळींच चालत नाहींत, आणि रोग न ओळखतां तीं मारल्यानें पैसा व वेळ दोन्ही वायां जातात.

आपल्या देशांत या रोगाची पहिली नोंद १९५२ सालीं दिल्ली येथें झाली. त्यानंतर कित्येक वर्षें तो किरकोळ समजला जात असे. पुढें कर्नाटकांत त्यानें उचल खाल्ली, आणि २००२-०३ च्या सुमारास महाराष्ट्रांत त्याचा जोर झाला. नाशिक जिल्ह्यांतील कळवण, सटाणा, मालेगांव व देवळा हा पट्टा डाळिंबासाठीं नांवाजलेला. तेथें अनेकांस उभ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. सोलापूर जिल्ह्यांतहि ज्या कोरडवाहू गांवांना डाळिंबानें हात दिला होता, त्यांच्याच तोंडचा घास या रोगानें काढला. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालीं सोलापुरास निघालें, आणि तेव्हांपासून तेल्या हा तेथील अभ्यासाचा एक मुख्य विषय आहे. गणेश काय आणि भगवा काय, बाजारांत चालणाऱ्या आपल्या सर्व जातींना हा रोग होतो. अमुक जात लावली म्हणजे तेल्याची भीति नाहीं, असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

रोगाची खूण प्रत्येकानें शिकून घ्यावी. पानावर प्रथम टांचणीच्या डोक्याएवढा पाणचट डाग दिसतो. पान तोडून सूर्याकडे धरलें तर तो डाग तेल लागलेल्या कागदाप्रमाणें अर्धपारदर्शक दिसतो. पुढें तो तपकिरी-काळा पडतो व त्याभोंवतीं पिवळें वलय येतें. फळावर काळपट, किंचित् उंच डाग येतात आणि त्यांवर बारीक चिरा पडतात. इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ या अक्षरांच्या आकाराच्या या चिरा म्हणजे तेल्याची ठळक निशाणी होय. पुढें फळ तडकतें. हीं दोन ठिकाणें सर्वांस ठाऊक असतात. तिसरें ठिकाण मात्र थोडेच जण पाहतात, आणि तें म्हणजे फांदी. डोळ्यापाशीं, म्हणजे जेथें पान फुटतें त्या पेरापाशीं, काळा डाग पडतो, तो फांदीस वेढा घालतो, साल चिरते, आणि वाऱ्याचा झोत आला कीं फांदी नेमकी तेथेंच मोडते. पानावरचा डाग पानाबरोबर गळून पडतो, फळावरचा फळाबरोबर जातो. फांदीवरचा व्रण मात्र झाडावर राहतो. आमच्या सांगण्याचा सगळा भर याच व्रणावर आहे.

जंतु विसांव्यांत कोठें असतो

फळ उतरल्यापासून पुढील बहाराचें पाणी देईपर्यंतचा जो काळ, त्यास हल्लीं विश्रांतिकाळ म्हणतात. आमच्याकडे जुनीं माणसें विसांवा म्हणतात. या काळांत जंतूस तीन आश्रय असतात.

पहिला आश्रय वर सांगितलेला फांदीवरील व्रण. त्याच्या कडेच्या जिवंत सालींत जंतु दबून राहतो. नवी पालवी फुटली, हवेंत ओल आली, कीं तो व्रणाच्या तोंडाशीं येतो, आणि पावसाच्या थेंबानें उडून शेजारच्या कोंवळ्या पानावर जातो. दुसरा आश्रय म्हणजे झाडाखालीं पडलेलीं रोगट पानें व तडकलेलीं फळें. नुसत्या मातींत हा जंतु एकटा फार काळ तग धरीत नाहीं, परंतु पाल्याचोळ्यांत दडला तर कित्येक महिने जिवंत राहतो. तिसरा आश्रय आपल्या हद्दीबाहेरचा. शेजाऱ्यानें कंटाळून सोडून दिलेली बाग, बांधावर एकटें राहिलेलें जुनें झाड, रोगट फळें टाकलेला ओढ्याकांठचा ढीग, हीं सर्व जंतूचीं कोठारें होत. वाऱ्यासह येणाऱ्या पावसानें तेथील जंतु आपल्या बागेंत येतो. सातबाऱ्यावर हद्द आंखलेली असते. रोग ती मानीत नाहीं.

झाड निजलें असतां जंतु काय करतो, हा प्रश्न इतर देशांतील बागाईतदारांसहि छळीत आला आहे. थंड मुलखांत आलुबुखार, चेरी, जर्दाळू, पीच अशीं कठीण कोयीचीं फळझाडें आहेत. त्यांवर ‘स्यूडोमोनास सिरिंजी’ नांवाच्या दुसऱ्याच एका जंतूमुळें साल काळवंडते, डिंक वाहतो आणि फांद्या वाळतात. तीं झाडें हिवाळ्यांत पानें झाडून गाढ निजतात, आणि त्या निद्रेंतच हा जंतु सालींत पसरतो. गळालेल्या पानाच्या देंठाची खूण, छाटणीची जखम आणि गोठणाऱ्या थंडीनें दुखावलेली साल, या त्याच्या वाटा. कॅलिफोर्नियांतील वाळूसर व आम्ल जमिनींत, जेथें मुळांवर सूत्रकृमि असतात, तेथें तरुण झाडें याला अधिक बळी पडतात, असें आढळलें आहे. इंग्लंडांत चेरी व आलुबुखार यांची छाटणी हिवाळ्यांत न करतां उन्हाळ्यांत करण्याचा सल्ला देतात, त्याचें हेंहि एक कारण आहे.

आपलें डाळिंब व ती झाडें यांत एक मोठा फरक आहे. तो जंतु थंडीचा मित्र, तर तेल्याचा जंतु उबेचा. सुमारें ३० अंश सेल्सियस उष्णता, ढगाळ आभाळ, हवेंत दमटपणा आणि मधूनमधून पावसाची सर, ही त्याची आवडती हवा. कोरड्या विसांव्यांत तो बहुतेक स्वस्थ असतो, पण मरत नाहीं. तथापि धडा एकच निघतो: जखम, अशक्तपणा आणि जुना व्रण या तीन गोष्टी निजलेल्या झाडांत ज्या प्रमाणांत असतील, त्या प्रमाणांत जागें झाल्यावर रोग वाढेल.

कोणत्या बहाराचा विसांवा कसा

विसांवा सर्वांचा एकाच ऋतूंत येत नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. मृगबहारांत जून-जुलैंत फूल येतें, फळ सबंध पावसाळाभर झाडावर वाढतें आणि हिवाळ्यांत उतरतें. विसांवा उन्हाळ्यांत पडतो. हा विसांवा कोरडा असल्यामुळें त्यांत रोग वाढत नाहीं. परंतु व्रण राहूं दिले, तर पहिल्या पावसाबरोबर पालवी व जंतु एकदमच जागे होतात, आणि पुढें सारा पावसाळा त्यांना मोकळा सांपडतो. तेल्यानें सर्वांत अधिक नुकसान होतें तें या बहाराचें.

आंबेबहारांत जानेवारी-फेब्रुवारींत फूल येतें आणि फळ उन्हाळ्यांत वाढतें. लवकर धरलेल्या बहाराचें फळ पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातें. उशीर झाला तर पिकावर आलेलें फळ पावसांत सांपडतें. याचा विसांवा पावसाळ्याच्या उत्तरार्धांत सुरू होऊन थंडींत संपतो. म्हणजे आरंभीं ओला व शेवटीं कोरडा.

हस्तबहारांत सप्टेंबर-ऑक्टोबरांत फूल येतें, फळ थंड व कोरड्या हवेंत वाढतें, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान उतरतें. जेथें तेल्यानें ठाण मांडलें आहे, तेथें हाच बहार धरावा असें जाणते सांगतात, व तें योग्यहि आहे. परंतु येथें एक फसगत आहे. हस्तबहाराचा विसांवा ऐन पावसाळ्यांत येतो. झाडावर फळ नसतें म्हणून मालक निश्चिंत असतो, आणि त्याच वेळीं जंतूस हवी तशी हवा मिळून पानांवर व फांद्यांवर रोग फोफावतो. फळाचें नुकसान नाहीं म्हणून तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पण पुढील बहाराचें बीं तेथें पेरलें जातें. तेव्हां हस्तबहार धरणारानें पावसाळ्यांतील विसांव्यांत बाग अधिक जपली पाहिजे. शिवाय परतीचा पाऊस लांबला किंवा जमीन भारी असली, तर या बहारास ताण नीट बसत नाहीं, हेंहि पाहून निर्णय करावा.

छाटणी, कात्री व जखमा

जंतूस निरोगी सालींतून सहसा वाट मिळत नाहीं. तो पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरतो किंवा जखमेंतून शिरतो. डाळिंबाचें झाड कांटेरी. वाऱ्यानें फांदी फांदीवर घासते आणि कांटा पानांत व फळांत रुततो. किडीमुळें जखमा होतात. परंतु एका दिवसांत हजारों जखमा करणारा प्राणी एकच, आणि तो म्हणजे कात्री हातीं घेतलेला माणूस.

आमची चूक येथेंच झाली. पहिल्या वर्षीं छाटणीसाठीं बाहेरगांवची एक टोळी बोलाविली. हात चपळ, मजुरी बेताची. आम्ही खूष झालों. आदल्या दिवशीं ती माणसें कोणाच्या बागेंत होतीं, तेथें रोग होता कीं काय, कात्र्या धुतल्या कीं नाहीं, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. सकाळीं थोडी रिमझिम होऊन गेली होती. तरी माणसें बसवून ठेवणें परवडत नाहीं म्हणून ओल्या झाडांवरच काम चालविलें. भरींत भर म्हणून छाटलेल्या काड्यांची चांगली मोळी बांधून ती बांधावर, बागेच्या वरच्या अंगास, चुलीसाठीं रचून ठेविली. पालवी फुटल्यावर पहिला तेल्या त्या मोळीच्या खालच्या दोन ओळींत दिसला, आणि मग छाटणी ज्या क्रमानें झाली होती त्याच क्रमानें तो पुढें सरकत गेला. पंचनाम्याच्या रकान्यांत लिहावयाचें झालें, तर कारण ‘पाऊस’ नव्हतें; कारण आमचें अज्ञान व आमची काटकसर हें होतें.

यावरून पुढील नियम आम्हीं आपल्यापुरते ठरविले आहेत. मुख्य छाटणी फळ उतरल्यावर लागलीच, विसांव्याच्या आरंभीं करावी, म्हणजे जखमा भरून येण्यास वेळ मिळतो. बहार धरतांना केवळ हलकी छाटणी करावी. कोरड्या व उघडीपीच्या दिवशींच कात्री लावावी. निरोगी झाडें आधीं आणि रोगट झाडें शेवटीं घ्यावीं. रोगट फांदी कापतांना काळ्या डागावर कापूं नये. डागाखालीं निदान दोन इंच निरोगी लांकड सोडून कापावी. प्रत्येक झाड झाल्यावर कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणांत बुडवावी; दोन कात्र्या ठेविल्या म्हणजे एक द्रावणांत व एक हातांत राहते, आणि काम खोळंबत नाहीं. कापलेल्या जागेस त्याच दिवशीं बोर्डो मलम लावावें. छाटलेली काडी, गळालेला पाला व सडकीं फळें गोळा करून बागेबाहेर नेऊन जाळावीं. काडीचा मोह धरूं नये. आमच्या चुलीस ती फार महाग पडली.

झाडाची शक्ति

विसांवा या शब्दांतच त्याचें प्रयोजन सांगितलें आहे. फळांनीं ओढून नेलेलें अन्न झाडानें फांद्यांत पुन्हां सांठवावें, यासाठीं तो काळ. फळ उतरल्यावर तीन ते चार महिने विसांवा मिळाला पाहिजे, अशी शिफारस आहे. परंतु भाव तेजींत असले म्हणजे आपणांस धीर निघत नाहीं. एक बहार उतरतो न उतरतो तोंच दुसऱ्याचा ताण सुरू होतो. मोजकीं पानें राहिलेल्या झाडावर पानगळीचें औषध जास्त कडक मारलें जातें. आणि थकलेलें झाड पालवीसह रोगाच्या हवालीं होतें. अशा झाडास रोग झाल्यावर त्याच्या जवळ नवी फांदी काढण्याचें बळहि उरत नाहीं.

विसांवा म्हणजे उपासमार नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. छाटणीनंतर झाडाच्या वयाप्रमाणें शेणखत व इतर खतें द्यावीं, बेताचें पाणी चालू ठेवावें, आणि पानें निरोगी राखावीं. कारण अन्न तयार करणारीं तींच. ताण त्यानंतरचा; हलक्या जमिनींत तो थोड्या दिवसांत बसतो, भारी जमिनींत अधिक दिवस लागतात. दुसऱ्या बाजूस, नत्रयुक्त खताचा मारा करून झाड माजविलें तर कोंवळी, रसरशीत पालवी एकसारखी फुटत राहते, आणि जंतूस तेंच हवें असतें. दाट लागवड, एकमेकांत शिरलेल्या फांद्या व पाणी तुंबणारी जमीन यांमुळें बागेंत वारा खेळत नाहीं व ओल टिकते. आमचा मुलूख पावसाच्या बाबतींत कंजूष. तरीहि येथें तेल्या होतो याचें अनेकांस आश्चर्य वाटतें. पण जंतूस पावसाचे इंच नकोत. पान कांहीं काळ ओलें राहिलें आणि हवा ऊबदार असली, म्हणजे त्याचें काम भागतें.

औषधाची मर्यादा

औषध हें ढालीसारखें आहे. अंगांत शिरलेला बाण तें काढीत नाहीं. तांब्याचीं औषधें पानाच्या व सालीच्या पृष्ठावरील जंतु मारतात; व्रणाच्या आंत दडलेल्या जंतूपर्यंत तीं पोंचत नाहींत. म्हणून आधीं कात्री व मग पंप, हा क्रम उलटवूं नये.

विसांव्यांतील मुख्य औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्स देशांत १८८५ च्या सुमारास द्राक्षांच्या रोगावर तें पुढें आलें, आणि आजहि तें घरच्या घरीं करतां येतें. शेंकडा एक टक्का मिश्रणासाठीं १ किलो मोरचूद, १ किलो चांगला कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावें. मोरचूद निम्म्या पाण्यांत विरघळवावा. चुना वेगळा विरवून, निम्म्या पाण्यांत त्याचें दूध करून गाळून घ्यावें. मग दोन्ही एकाच वेळीं तिसऱ्या भांड्यांत ओतीत काठीनें ढवळीत जावें. भांडें प्लास्टिकचें किंवा मातीचें असावें, लोखंडाचें नसावें. तयार मिश्रणांत स्वच्छ लोखंडी खिळा किंवा सुरीचें पातें थोडा वेळ धरावें. त्यावर तांबूस पुट चढलें तर चुना कमी आहे असें समजून आणखी चुन्याचें दूध घालावें. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. शिळें मारूं नये. छाटणीच्या जखमांसाठीं याच वस्तु दहापट दाट, म्हणजे प्रत्येकीं १ किलोस १० लिटर पाणी, अशा घेऊन मलम करावें व कुंचल्यानें लावावें. छाटणीनंतर एक फवारणी अवश्य करावी, आणि विसांवा पावसाळ्यांत येत असेल तर ठराविक अंतरानें ती पुन्हां करीत राहावें. झाडाखालील जमिनीवर पाला वेंचून घेतल्यावर ब्लीचिंग पावडरीचा उपयोग करण्याचीहि शिफारस आहे.

माणसाच्या औषधांत कामीं येणारीं प्रतिजैविकें डाळिंबावर सढळ हातानें मारण्याची जी चाल पडली, तिच्याविषयीं दोन शब्द. त्यांच्या वारंवार वापरानें जंतूंना त्यांची संवय होते आणि पुढें औषधाचा गुण येईनासा होतो. शिवाय माणसाच्या आरोग्यासहि त्यापासून धोका पोंचतो. म्हणूनच २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा शेतींतील वापर बंद करण्याच्या दिशेनें पाऊल उचललें. दुकानदार देतो म्हणून अशीं औषधें घेऊं नयेत. कृषि अधिकारी किंवा संशोधन केंद्र यांस विचारून, त्या वेळीं जी शिफारस असेल तीच पाळावी.

नव्या बागेविषयीं एक गोष्ट राहिली. रोगट बागेंतील झाडावर बांधलेल्या गुटी कलमांतून हा रोग गांवोगांव पसरला आहे. कलम वरून हिरवेंगार दिसतें, परंतु पेरापाशीं जंतु दबून असूं शकतो. म्हणून कलमें स्वस्त मिळतात म्हणून आणूं नयेत. ज्या बागेंतील मातृवृक्ष आपण स्वतः, तोहि पावसाळ्यांत जाऊन पाहिला आहे, तेथूनच आणावीं.

झाडांची नोंदवही

शेवटीं, जन्मभर कारकुनी केलेल्या माणसास सुचेल अशी एक युक्ति सांगतों. दुसऱ्या वर्षींच्या विसांव्यांत आम्हीं एक वही घातली. ओळीचा क्रमांक, झाडाचा क्रमांक व शेरा, एवढेच तीन रकाने. पानें गळून फांद्या उघड्या पडल्यावर सकाळच्या उन्हांत एकेक ओळ हिंडून प्रत्येक झाडाच्या पेरापेराची तपासणी केली. जेथें काळा व्रण दिसला, त्या झाडापुढें फुली मारली आणि फांदीस चिंधी बांधली. मग चिंध्या पाहून छाटणी केली. या कामास आमचे व आमच्या पुतण्याचे मिळून आठ दिवस गेले. गांवांतील मंडळी हंसत, कीं रावसाहेब झाडांची पीकपाहणी करीत आहेत.

पुढच्या बहारांत तेल्या अजिबात आला नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. तो आला, पण उशिरां आला, थोड्या झाडांवर आला, आणि ज्या झाडांवर प्रथम आला, त्यांतील बहुतेकांपुढें वहींत फुली होती. कांहीं ठिकाणीं कापतांना आमचा हात आंखडला होता. चांगल्या जाड फांदीचा मोह सुटला नव्हता. तेथूनच त्यानें पुन्हां डोकें काढलें. पण या वेळीं आम्हांस कोठें पाहावयाचें तें ठाऊक होतें, म्हणून तीं पानें व फळें वेळींच काढून टाकतां आलीं, आणि बागेंतील बहुतेक माल विकावयास मिळाला.

हें काम एकट्यानें केल्यास अर्धेंच साधतें. आपली बाग स्वच्छ केली आणि बांधापलीकडील सोडलेली बाग तशीच राहिली, तर सर्व श्रम पुढच्या वादळी पावसावर अवलंबून राहतात. याकरितां आमची संघाच्या सभासदांस अशी विनंति आहे कीं, ज्या गांवांत डाळिंबाच्या बागा जवळजवळ आहेत, तेथें सर्वांनीं मिळून एकच बहार ठरवावा, छाटणी एकाच पंधरवड्यांत उरकावी, छाटणीवाल्या टोळ्यांस कात्री धुण्याचें द्रावण गांवानेंच पुरवावें, आणि ज्याच्यानें बाग होत नाहीं त्याची सोडलेली झाडें त्याच्या संमतीनें सर्वांनीं मिळून काढून टाकावीं. त्या शेजाऱ्यास दोष देण्याचें कारण नाहीं. तो आधींच बुडालेला असतो.

फळ झाडावर असतां बागेंत सर्वच जण जातात. फळ नसतां जो जातो, उघड्या फांद्यांवर पेरापेरानें नजर फिरवितो आणि दिसेल तो व्रण त्याच वेळीं कापून टाकतो, त्याच्या बागेसंबंधानें पुढें पंचनामा लिहिण्याची वेळ क्वचित् येते. यंदाचा विसांवा सुरू होण्यापूर्वीं एक वही आणून ठेवावी, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.